पाण्यावरचा बुट्टा

वैशाख उतरणीला लागला की आमच्या गच्चीवरचा वारा बाजू बदलतो. एप्रिलभर तो नुसता असून नसल्यासारखा असतो. दोरीवरचे कपडे उभ्या उभ्या वाळतात. मग एखाद्या दुपारी चादर अचानक पोटात वारा भरून घेते आणि खारट, ओलसर असं काहीतरी नाकाला लागून जातं. सून आतून ओरडते, आई, चिमटे लावा. मी चिमटे लावते आणि तिथंच उभी राहते. आता बोरिवलीत इतक्या उंच इमारती झाल्यात की पश्चिमेला खाडी आहे हे सांगावं लागतं. पण वाऱ्याला इमारती आडव्या येत नाहीत. गोराईला समुद्र उठायला लागला असणार, हे मला घरात बसून कळतं.

समुद्र ‘उठतो’ हे मला इनासनं सांगितलं होतं. पावसाआधीच्या त्या दोन-तीन आठवड्यांत तो उठतो, म्हणजे लाटा लांबून, एकामागून एक, शिस्तीत येतात. पुढे पाऊस लागला की नुसता धिंगाणा. त्यामुळं वर्षातले तेवढेच दिवस खरे, असं तो म्हणायचा.

इनास गोराईचा, तिथल्या जुन्या ख्रिस्ती वस्तीतला. अंधेरीला ज्या कारखान्यात मी टायपिस्ट होते, तिथं तो फिटर होता. ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. कारखाना विजेची बटणं आणि खटके बनवायचा. माझ्या टेबलामागच्या खिडकीतून यंत्रांची शेड दिसायची आणि शेडच्या दारातच इनासचं लेथ होतं. त्याच्या हाताला कायम मशीन ऑइलचा वास आणि डब्याला सुक्या बोंबलाचा. मे महिन्यात तो गावाहून पांढरे जाम आणायचा, आणि सगळ्यांना वाटून झाले की उरलेले माझ्या टाइपरायटरच्या झाकणात ठेवून जायचा. उरलेले नेहमी सगळ्यांत मोठे असायचे. यावर आम्ही दोघं कधी काही बोललो नाही.

तो लहान असताना त्याचे वडील मासेमारीला गेले ते आलेच नाहीत. त्याच्या आईनं, रोजिनमावशीनं, वेशीवरच्या क्रुसासमोर त्याला उभं करून शपथ घ्यायला लावली होती की मासेमारीच्या होडीवर चढायचं नाही. म्हणून तो फिटर झाला. पण समुद्रावाचून त्याला चैन पडत नसे. गावात एक गोरा परदेशी माणूस दोन हिवाळे भाड्यानं राहिला होता. त्याच्याकडे लाटेवर उभं राहायची फळी होती, सर्फबोर्ड. दारू जरा जास्त झाली की तो गोरा तिच्यावरून पडायचा आणि इनास हसायचा. तू करून दाखव, म्हणाला. इनासनं करून दाखवलं. जाताना त्या माणसानं फळी त्यालाच दिली. आमच्या इकडे तेव्हा असली वस्तू कुणी पाहिलेली नव्हती. गोराईत काही जणांना ती दरवाजा वाटली, काहींना इस्त्री करायचं टेबल, आणि एका म्हाताऱ्यानं तर शवपेटीचं झाकण समजून छातीवर क्रूस काढला.

“होडी कुठं आहे ही? फळी आहे,” असा इनासचा आईशी वाद चालायचा. अनेक महिने ती नाही म्हणत राहिली. शेवटी एका अटीवर कबूल झाली. तिच्या डोळ्यांना तो किनाऱ्यावरून दिसत राहिला पाहिजे. दिसायचा बंद झाला तर त्या दिवशी फळी चुलीत. आणि फळी होती पांढरी. फेसात पांढरं काय दिसणार?

“कोणी पेंटर आहे का गं ओळखीचा?” इनासनं मला विचारलं. “मस्त काहीतरी काढून पाहिजे यार. लांबून दिसलं पाहिजे.”

मी म्हणाले, माझे बाबा आहेत.

म्हणाले खरी, पण बाबांनी दोन वर्षांत ब्रश हातात धरला नव्हता. परळच्या एका कापड गिरणीत ते डिझाइन खात्यात होते. साड्यांचे काठ, पदर, बुट्टे कागदावर काढायचे, रंग ठरवून द्यायचे. मालवणाकडच्या एका खेड्यातून आलेला, देवळाच्या भिंतीवर फुलं काढणारा मुलगा गिरणीत चिकटला आणि हजारो बायकांच्या अंगावर त्याची फुलं गेली. रस्त्यानं जाताना ते हळूच आईला कोपरानं ढोसायचे आणि समोरच्या बाईकडे डोळ्यांनी दाखवायचे, हा आपला. मग संप झाला. गिरणी बंद पडली ती उघडलीच नाही. त्यांचे ब्रश एका जुन्या पायजम्याच्या कापडात गुंडाळून माळ्यावर गेले. आई ब्लाउज शिवायची, मी नोकरीला लागले, आणि बाबा एका नातेवाइकाच्या पिठाच्या गिरणीत बसायला लागले. कुणी विचारलं तर म्हणायचे, काय नाय, गिरणीतच आहे. संध्याकाळी घरी येत तेव्हा भुवया पांढऱ्या झालेल्या असत. त्या ते स्वतः पुसत नसत, आई पदरानं पुसायची.

इनास ती फळी खाडीच्या होडीतून भाजीच्या पाट्यांवर आडवी टाकून घेऊन आला. बसच्या कंडक्टरनं घेतली नाही, म्हणून पुढं डोक्यावरून चालत. बोरिवलीच्या आमच्या चाळीमागच्या मोकळ्या जागेत दोन स्टुलांवर ती ठेवली. बाबा बघायला म्हणून आले आणि म्हणाले, आता आपला हात राहिला नाही, भगवती नाक्यावर कुणी सापडतो का बघा. इनासनं त्यांना काही विनवलं नाही. तो नुसतं सांगत राहिला, फळी लाटेवर कशी उचलते, पाठ कुठली, पोट कुठलं, आईची अट काय. बाबा ऐकता ऐकता फळीवरून हात फिरवत होते. मग त्यांनी विचारलं, “लाट उचलते तेव्हा किनाऱ्यावरून हिची कुठली बाजू दिसते?”

मी घरात गेले आणि स्टूल घेऊन माळ्यावर चढले. आई शिवणयंत्रावरून माझ्याकडे बघत होती. मी काय काढतेय ते तिला कळलं असावं, कारण तिनं पाय थांबवला आणि यंत्राचा आवाज बंद झाला.

इनासला गरुड हवा होता. पंख पसरलेला, चोचीत मासा. एका मासिकातून चित्र कापून आणलं होतं त्यानं. बाबांनी ते चष्म्याजवळ धरून बराच वेळ पाहिलं आणि परत दिलं. “माका गरुड जमणा नाय,” ते म्हणाले. “फुलां जमतत.” इनासचा चेहरा पडला. मग बोलता बोलता त्यानं त्याच्या वडिलांची एक आठवण सांगितली. ते म्हणायचे, खोल पाण्यातून परत येताना देवळाचा, म्हणजे चर्चचा, क्रूस नंतर दिसतो. आधी दिसतं ते आपल्या परसात बांबूवर वाळत घातलेलं रोजिनचं लाल लुगडं.  दुसऱ्या दिवशी पिठाच्या गिरणीतून येताना बाबा लाल ऑइल पेंटचा डबा घेऊन आले.

ते दिवस मी कशाच्या बदल्यात देणार नाही. उन्हं कलली की मागच्या अंगणात काम सुरू व्हायचं. फळीवर पाय घसरू नये म्हणून लावलेलं जुनं मेण होतं, ते बाबांनी रॉकेल लावून, पत्र्यानं खरवडून काढलं. फायबर गुळगुळीत, त्यावर रंग धरणार नाही म्हणून पॉलिश पेपरनं घासून घासून तिला खरखरीत केलं. आधी सगळीकडून लाल. तो लाल तयार करायलाच चार संध्याकाळी गेल्या. एक फार विटकरी, एक फार कुंकवाचा. इनास कामावरून माझ्याबरोबरच बोरिवलीला उतरायचा आणि गावाला जायची शेवटची होडी चुकायची वेळ येईपर्यंत थांबायचा. बाबा कमी बोलत, पण आता त्यांचं कमी बोलणं वेगळं होतं. गिरणीच्या दिवसांतलं होतं. रंगात चिलटं येऊन चिकटायची, ती ते आईच्या सुईच्या टोकानं उचलून बाजूला ठेवत. आणि मग पिवळ्या-पांढऱ्या रंगात बुट्टे उतरायला लागले. दोन्ही कडांनी काठ, टोकाकडे पदर, मध्ये एक मोठा बुट्टा आणि भोवती लहान बुट्ट्या. तो मोठा बुट्टा मी ओळखला. गिरणी बंद पडली त्या वर्षीच्या दिवाळीसाठी त्यांनी काढला होता. त्या साड्या कधी निघाल्याच नाहीत.

इनास गरुड विसरला. ओल्या रंगाजवळ नाक नेऊन तो म्हणाला, “काका, झकास. पण आई म्हणणार माझं लुगडं चोरून नेलं.”

रोजिनमावशी अगदी तसंच म्हणाली. त्या रविवारी बाबा आणि मी गोराईला गेलो होतो. खाडी ओलांडून, पुढं टांग्यातून, वालाच्या आणि कांद्याच्या वाड्यांमधून. मावशी ठेंगणी, काळीसावळी, डोळ्यांभोवती सुरकुत्यांचं जाळं. फळीकडे बघून तिनं आधी कपाळाला हात लावला, मग हसली, आणि मग पदरात तोंड घालून आत गेली. परत आली ती नारळाचं पाणी घेऊन.

दुपारनंतर इनास पाण्यात शिरला. मावशी वाळूत उभी, कपाळावर हात आडवा. तिच्यापासून जरा अंतरावर बाबा, तसेच. मी दोघांच्या मागे. तो फळीवर पालथा पडून लाटांच्या पलीकडे गेला. तिथं तो दिसेनासा व्हायचा आणि परत दिसायचा. दर वेळी दिसला की मावशी मोठ्यानं श्वास सोडायची. मग एक लाट लांबून वाढत आली आणि तिच्या अंगावर लाल रंग उभा राहिला. त्यावर इनास. गुडघे जरा वाकलेले, हात पसरलेले. हिरव्या-राखाडी पाण्यावरून ते लाल, बुट्टेदार काहीतरी सरसरत आमच्याकडे येत होतं. मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी मला कोपरानं ढोसलं आणि डोळ्यांनी समुद्राकडे दाखवलं.

इनास ओला ठिबकत वर आला तेव्हा त्याची नजर आधी आईकडे गेली, मग बाबांकडे, आणि मग माझ्याकडे आली ती तिथंच राहिली. मी वाळूत पायानं काहीतरी रेघोट्या ओढत बसले. तेवढंच घडलं. पण मी आज ह्या वयातही ते कुणाला सांगितलेलं नाही, त्याअर्थी ते तेवढंच नसणार.

पुढं तो रोज संध्याकाळी पाण्यात जायचा. मे सरत आला. गोराईच्या होड्या किनाऱ्यावर ओढून, पावसाळ्यासाठी झावळ्यांनी शाकारल्या गेल्या. कामावर इनासचे डोळे खाऱ्या पाण्यानं लाल आणि चेहरा काळा पडलेला. काका कसे आहेत, एवढं विचारायला तो रोज माझ्या टेबलाशी यायचा. बाबा बरे होते. बाबांनी दोन दुकानांच्या पाट्या रंगवायला घेतल्या होत्या.

जूनच्या सुरुवातीच्या एका सोमवारी शेडच्या दारातलं लेथ बंद होतं. गोराईचा आणखी एक जण आमच्याकडे पॅकिंगला होता, तो उशिरा आला आणि थेट साहेबांच्या केबिनमध्ये गेला. मग बाहेर येऊन सगळ्यांना त्यानं सांगितलं. रविवारी शहरातून सहलीला आलेली मुलं पाण्यात शिरली होती. गावकऱ्यांनी हटकलं, पण ती आणखी पुढं गेली. पाण्याला ओढ होती, दोघं खेचले गेले. होड्या सगळ्या वर ओढलेल्या, पाण्यात घालायला एकही नव्हती. इनास फळी घेऊन शिरला. दोघांपर्यंत पोचला, त्यांना फळीवर पालथं घातलं, आणि तिघांचा भार तिला पेलेना तेव्हा स्वतः सुटून मागून ढकलत राहिला. लाटेनं फळी उचलली आणि किनाऱ्याकडे आणली. दोघं तिला कवटाळून होते. मागं कोणी नव्हतं. तो सापडला सोमवारी पहाटे, उत्तनच्या बाजूला.

मला आठवतं, त्या दिवशी मी एक पत्र शेवटपर्यंत टाइप केलं. एकही चूक न करता. मग साहेबांनीच मला घरी जायला सांगितलं.

बाबांना सांगितलं तेव्हा ते जेवत होते. त्यांनी हात धुतला आणि ब्रश परत पायजम्याच्या कापडात गुंडाळले. मातीला आम्ही गेलो, देवळाबाहेर पावसात उभे राहिलो आणि परत आलो. घरात ते एकच म्हणायचे, फळी पांढरी राहिली असती तर मावशीनं त्याला पाठवलाच नसता. आई समजावून थकली. आषाढात एका सकाळी ते छत्री घेऊन निघाले. कुठं जाताय ते कुणी विचारलं नाही. मी मागोमाग गेले.

मावशी ओट्यावर बसली होती. फळी तिच्या मागच्या भिंतीला उभी टेकवलेली. एका काठावरचा रंग निघून पांढरं दिसत होतं. बाबा ओट्याखाली, पागोळ्यांत उभे राहिले. छत्री हातात, मिटलेली.

“बाय,” ते म्हणाले, “तो रंग माझो होतो.”

मावशी त्यांच्याकडे बघत राहिली. ते काय विचारायला आलेत ते तिला बरोबर समजलं होतं.

“रंगान काय केला?” ती म्हणाली. “ती दोन पोरा बोलली, लाल दिसला म्हनून धरला. नायतर तीन मयता झाली असती. माजा एक गेला. तीन नाय गेली.” मग तिनं बाजूला सरकून जागा केली. “वर या, भाऊ. भिजू नका.”

बाबा ओट्यावर बसले आणि रडले. मी त्यांना रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं, गिरणी गेली तेव्हाही नाही. मावशी रडली नाही. ती उठून आत गेली आणि चहा ठेवला. आधणाचा आवाज, पागोळ्यांचा आवाज आणि बाबांचा तो आवाज. एवढं सोडून त्या सकाळचं मला काही आठवत नाही.

दुःखाचं पुढं काय होतं, हे मला तरुणपणी माहीत नव्हतं. वाटायचं, ते एका जागी बसून राहतं. पण ते कामाला लागतं. श्रावणात नारळी पौर्णिमेआधी गोराईला होड्यांची रंगरंगोटी सुरू झाली, तेव्हा मावशीच्या दिरानं बाबांना निरोप धाडला की नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकावर, तसलंच फूल काढून पाहिजे. बाबा गेले. मग दुसऱ्यानं बोलावलं, मग मनोरीहून कुणी. पुढची बरीच वर्षं श्रावणात ते पिठाच्या गिरणीतून रजा घेऊन तिकडं राहायचे. लाल अंगावर पिवळा-पांढरा बुट्टा असलेल्या होड्या त्या किनाऱ्यावर रुळल्या. रंगवायच्या आधी बाबा होडीवर कोण कोण जातं ते विचारून घेत. नावं ऐकून झाली की डबा उघडत. आनंद म्हणावा असं ते नव्हतं. पण हात चालत होता.

माझं लग्न झालं. नवरा भला माणूस होता. त्याच्याबद्दल मला काही तक्रार नाही आणि नव्हती. बाबा गेले तेव्हा माझी मुलगी शाळेत जात होती. वैशाखच होता. दहाव्याच्या आधी कधीतरी रोजिनमावशी आली, खाडी ओलांडून, कुणाचा तरी हात धरून. तिला आता दोन्ही डोळ्यांनी फारसं दिसत नव्हतं. आईशेजारी ती दुपारपर्यंत बसली.  मग ती चाचपडत स्वयंपाकघरात माझ्याकडे आली. मी चहा पुढे केला तर घेईना. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं.

“तुला एक सांगाचा हाय,” ती म्हणाली. “भावांना, तुज्या बाबांना, सांगू नाय शकली.”

मी गॅस बारीक केला.

“त्या साली इनासान माज्याकडं दोन गोष्टी मागितल्या. एक ती फळी. आनि दुसरी तू.” तिचे हात ओट्याच्या कडेवर होते, ती कड घट्ट धरून ठेवल्यासारखी. “मी बोलली, फळी ने. पोरगी आपल्यातली नाय, ती नको. एक दिली, एक नाय दिली. उलटा केला असता, तर? इतकी वर्सा मी हाच विचार करते. तू त्याला हो बोलली असती काय, ते सांग मला. खरा सांग.”

बाहेर आईच्या खोलीत पंखा फिरत होता. दोरीवर बाबांचं धोतर वाळत होतं आणि वारा भरून ते खिडकीशी आपटत होतं. मला त्या रविवारची वाळू आठवली, आणि माझ्यावर थांबलेली ती नजर. इतक्या वर्षांत मला कुणीच हा प्रश्न विचारला नव्हता, आणि उत्तर मला प्रश्नाच्याही आधीपासून माहीत होतं.

“नाही, मावशी,” मी म्हणाले. “मी नाहीच म्हटलं असतं. माझ्या मनात तसं काही नव्हतं.”

तिनं मान वर केली. त्या न दिसणाऱ्या डोळ्यांनी ती माझा चेहरा शोधत राहिली. मग तिच्या बोटांनी ओट्याची कड हळूहळू सोडली.

“मंग बरा,” ती म्हणाली. “मंग बरा जाला.”

आणि तिनं चहा मागितला. मी तिच्यासमोर बशी धरली, दोन बिस्किटं दिली. ती तिनं खाल्ली. आणखी एक मागून घेतलं. मी तिच्याकडे पाठ केली आणि मोरीत ठेवलेली, आधीच घासून झालेली भांडी पुन्हा घासायला घेतली.